जीपची जुळवणी आणि ट्रेलरचा घाट

आपल्याकडे ज्या घरी शेती आहे आणि दाराशी जीप उभी आहे, त्या घरी ती एकच गाडी दोन संसार सांभाळीत असते. आठवड्याचे पाच-सहा दिवस ती मुलांना शाळेत पोचविते, वडीलधाऱ्यांना दवाखान्यात नेते, लग्नामुंजीला माणसे वाहते. उरलेल्या दिवशी तिच्यामागे ट्रेलर जोडला जातो आणि बटाट्यांची, रताळ्यांची किंवा खताची पोती घेऊन ती बाजाराचा रस्ता धरते. बेळगाव-खानापूरच्या बाजूला हा रस्ता पुष्कळदा घाटाचा असतो. चोर्ला, अनमोड, आंबोली ही नावे तिकडील वाचकांच्या रोजच्या बोलण्यातली आहेत. इंदूरच्या वाचकांना खंडव्याच्या वाटेवरचा भेरूघाट आठवेल.

अशा घरातला एखादा तरुण मुलगा गॅरेजमधून परत येतो आणि कौतुकाने सांगतो, ‘‘गाडी ट्यून करून आणली.’’ काय केले म्हणून विचारावे, तर पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविलेले असते आणि चाके एक माप मोठी घातलेली असतात. गाडी पळू लागते खरी. घरच्यांनाही बरे वाटते. पण त्याच गाडीमागे पुढच्या आठवड्यात पोत्यांचा ट्रेलर लागणार आहे, तिच्या मागच्या बाकावर घरची मंडळी बसणार आहेत आणि एवढा भार घेऊन ती घाट उतरणार आहे, ह्याचा विचार त्या ट्यूनिंगमध्ये कोठेच झालेला नसतो. म्हणून हा विषय केवळ मोटारवाल्यांचा राहत नाही; तो घराचा होतो. तो ह्या मासिकात मांडावयाचे आम्ही ठरविले ते ह्याच कारणाने.

ट्यूनिंग हा शब्द मुळात संगीतातला. तार जास्तीत जास्त ताणली म्हणजे तंबोरा लागला असे कोणी म्हणत नाही. चारही तारा एकमेकींशी मिळाव्या लागतात. गाडीचेही तसेच आहे. इंजिन, क्लच, गिअर, चाके, ब्रेक आणि मागचा भार ही तिची सहा अंगे होत. त्यांपैकी एकाचीच ताकद वाढविली, तर उरलेली पाच त्याच्याशी बेसूर होतात. ह्या लेखात आम्हांस मुख्यतः एवढेच सांगावयाचे आहे, की जुळवणी बरोबर आहे की नाही ह्याची खरी परीक्षा भरला ट्रेलर घेऊन उतार उतरताना होते. चढावरचा जोर हा त्या परीक्षेतला अर्धाच पेपर आहे.

जीपचा पिंड

१९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी आणि चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड अशा तीन कंपन्या त्या कामात उतरल्या. विलीजचे पारडे जड झाले ते मुख्यतः तिच्या इंजिनामुळे. ह्या इंजिनाची कथा आमच्या विषयाशी फार जवळची आहे. डेल्मर रूस हे विलीजचे अभियंता. त्यांच्या हाती कंपनीचे चार सिलिंडरांचे इंजिन आले तेव्हा ते ४८ अश्वशक्ती देई आणि वेग चढविला की लवकरच मोडे. रूस यांनी इंजिन मोठे केले नाही. सुट्या भागांची मापे अधिक काटेकोर केली, धातू अधिक चिवट वापरले, पिस्टन अॅल्युमिनियमचे केले. तेच २.२ लिटरचे इंजिन ६० अश्वशक्ती देऊ लागले, आणि मुख्य म्हणजे तासन् तास देत राहिले. आधी टिकाऊपणा आणि त्याच्या आधाराने शक्ती, हा क्रम त्यांनी पाळला. आज आपल्या गॅरेजांत तो नेमका उलटा झालेला दिसतो.

तरीही ६० अश्वशक्ती म्हणजे फार नव्हे. जीपचे उरलेले बळ तिच्या गिअरांत आहे. १९४५ साली विलीजने शेतकऱ्यांसाठी सीजे-२ए ही नागरी जीप काढली. तिच्या पहिल्या गिअरचे गुणोत्तर सुमारे २.८, ट्रान्स्फर केसमधील लो गिअरचे सुमारे २.४ आणि डिफरन्शियलचे ५.३८. ह्या तिन्हींचा गुणाकार केला तर तो ३६च्या आसपास येतो. म्हणजे इंजिन छत्तीस वेळा फिरावे तेव्हा चाक एकदा फिरणार; इंजिनाचा फिरविण्याचा जोर, ज्याला टॉर्क म्हणतात, तो चाकापाशी छत्तीसपट होणार, आणि वेग त्याच प्रमाणात कमी होणार. मोटेच्या बैलांना जशी धाव लहान आणि ओढ मोठी, तसाच हा प्रकार.

आपल्याकडे ही गाडी आली ती मुंबईच्या वाटेने. १९४५ साली ‘महिंद्र अँड महम्मद’ ही कंपनी स्थापन झाली. १९४७ साली तिने बाहेरून आलेले भाग जोडून विलीज जीप तयार करण्यास आरंभ केला. आणि १९४८ साली तिचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ असे झाले. पुढे पेट्रोलची जागा डिझेलने घेतली. १९८०च्या दशकात आलेल्या एमएम-५४० ह्या जीपमध्ये प्यूजो जातीचे २,११२ घनसेंटिमीटरचे, सुमारे ६२ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. ह्या जीपा आजही आपल्या गावांतून चालताना दिसतात. २०१० साली ‘थार’ हे नाव आले, आणि २०२० साली त्याच नावाची सर्वस्वी नवी गाडी आली. ती नाशिकच्या कारखान्यात बनते. तिच्या २.२ लिटर डिझेल इंजिनाचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर आहे. जुन्या प्यूजो इंजिनाच्या तो जवळजवळ अडीचपट होय. तेव्हा आजोबांची जीप आणि नातवाची थार ह्यांची जुळवणी एका मापाने करता येणार नाही. परंतु दोहोंस लागू पडणारे गणित मात्र एकच आहे.

चढाचा हिशोब

आम्ही मुळात भाषेचे मास्तर. पण हा हिशोब शाळेच्या फळ्यावर मांडता येण्याजोगा सोपा आहे. माणसांसह जीपचे वजन १,६०० किलो आणि भरल्या ट्रेलरचे ८०० किलो धरू. एकूण २,४०० किलो. चढ बारास एक, म्हणजे बारा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर चढणारा. अशा चढावर गाडीला मागे ओढणारा जोर वजनाच्या बाराव्या भागाइतका, म्हणजे २०० किलो होतो. चाकांच्या फिरण्याचा विरोध आणखी सुमारे ४५ किलो. एकूण २४५ किलो.

आता ताशी ३० किलोमीटर वेगाने जावयाचे तर गाडी सेकंदाला ८.३ मीटर चालते. २४५ गुणिले ८.३, भागिले ७५. उत्तर येते सुमारे २७ अश्वशक्ती. गिअर आणि डिफरन्शियलमध्ये वाया जाणारी शक्ती धरली तर इंजिनाने ३२ अश्वशक्ती दिली पाहिजे. हाच चढ ताशी ५० किलोमीटरने चढावयाचा म्हटले, तर इंजिनाकडे ५३ अश्वशक्तीची मागणी जाते आणि वाऱ्याचा विरोध वेगळाच. जुन्या डिझेल जीपचा सगळा जीव ६२ अश्वशक्तीचा, आणि तोही इंजिन पूर्ण वेगाने ओरडत असताना.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली, ३०च्या वेगाने तोच भार तेच इंजिन निम्म्या शक्तीत वर नेते. म्हणजे बहुतेक वेळा कमी पडतो तो आपला धीर. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. रोजच्या रस्त्यावर इंजिनाला पुरा जोर लागतो तो एखाद्या गाडीला मागे टाकताना, दहा-पंधरा सेकंद. घाटात ट्रेलर ओढताना तोच जोर वीस-वीस मिनिटे सलग लागतो. पंधरा सेकंदांत निर्माण झालेली उष्णता इंजिनाचे लोखंड सहज पचविते; वीस मिनिटांची उष्णता रेडिएटर, ऑइल आणि गॅस्केट ह्यांच्याच माथी येते. रोजची गाडी आणि ओढणारी गाडी ह्यांच्या जुळवणीतला खरा फरक हा असा काळाचा आहे.

इंजिन : आधी श्वास, मग घास

इंजिनाच्या जुळवणीत पहिले स्थान हवेचे. जुन्या जीपांतील हवेचा फिल्टर तेलाच्या वाटीचा असतो. त्या वाटीतील ऑइल खुणेपर्यंत असावे आणि मळले की बदलावे. लाल मातीच्या प्रदेशात ते मळण्यास वेळ लागत नाही. नव्या गाड्यांत कागदी फिल्टर असतो; तो झटकून झटकून वर्षानुवर्षे चालविण्याची काटकसर शेवटी महाग पडते. हवा अपुरी आणि डिझेल पुरेसे, अशा स्थितीत काळा धूर निघतो आणि लोक पंपाला दोष देतात.

त्यानंतर टॅपेट. व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवावयाची फट पुस्तिकेत दिलेल्या मापाचीच असावी, आणि ते माप थंड इंजिनाचे आहे की गरम इंजिनाचे, हे पाहून मगच पट्टी घालावी. फट फार कमी झाली तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. ओझ्याखाली तर लवकरच जळतो. टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही म्हणून खूष होणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

कोणी हौसेने जुनी पेट्रोल जीप जपली असेल, तर तिच्या प्लगची फट पाऊण मिलिमीटर आणि पॉइंटची अर्धा मिलिमीटर ही मोठी कळीची मापे आहेत. डिझेलमध्ये ह्यांच्या जागी इंजेक्टर आणि पंप येतात. इंजेक्टरचे नोझल नीट तुषार उडविते की थेंब गाळते, हे डिझेल पंपाच्या कारागिराकडे यंत्रावर तपासून घ्यावे. अंदाजाने बदलू नये. पंपाचा वेळ पुढे-मागे झाला असेल तर तो दुरुस्त करून घ्यावा.

मात्र पंपावरील डिझेल वाढविण्याचा जो स्क्रू, त्याला कारखान्याने सील ठोकलेले असते ते उगाच नव्हे. तो फिरविला की सपाटीवर गाडी तरतरीत होते, ही गोष्ट खरी. पण सिलिंडरात जेवढी हवा आहे तेवढेच डिझेल जळू शकते. वरचे डिझेल काही धूर होऊन जाते, काही उशिरा जळते आणि धुराची उष्णता वाढविते. घाटातल्या वीस मिनिटांत ही उष्णता व्हॉल्व्ह, पिस्टन आणि हेड गॅस्केट ह्यांच्यावर उतरते. धुराचा रंग वाचावयास घरातील प्रत्येकाने शिकावे. काळा धूर म्हणजे घास मोठा आणि श्वास लहान. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरते आहे. आरशात मागे काळा ढग दिसू लागला की चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलावा आणि गिअर उतरवावा.

थंडावा हे तिसरे अंग. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकण्याची रीत आपल्या बाजूला फार आहे. थर्मोस्टॅट नसेल तर रोजच्या लहान फेऱ्यांत इंजिन पुरेसे तापत नाही, डिझेल अधिक खाते आणि सिलिंडर लवकर झिजतात. गाडी तापत असेल तर रेडिएटरच्या जाळ्यांत अडकलेले गवत, सैल फॅनबेल्ट, झाकणाचे झिजलेले रबर आणि विहिरीच्या क्षारयुक्त पाण्याने आत धरलेला थर ही कारणे आधी पाहावीत. रेडिएटरमध्ये साध्या पाण्याऐवजी योग्य प्रमाणात कूलंट असावे; त्याने पाणी उशिरा उकळते आणि आत गंज धरत नाही.

गिअर, क्लच आणि चाके

मोठी चाके घातल्याने गाडी रुबाबदार दिसते ह्यात वाद नाही. परंतु चाकाचा व्यास २८ इंचांवरून ३१ इंच झाला, की डिफरन्शियलचे ५.३८ हे गुणोत्तर ४.८६ झाल्यासारखे होते. ओढण्याचा जोर जवळजवळ दहावा हिस्सा कमी होतो. इकडे पंपाचा स्क्रू फिरवून जे मिळविले, ते तिकडे चाकांनी परत नेले! वेगाचा काटाही खोटे बोलू लागतो. तो ५० दाखवितो तेव्हा गाडी ५५ने चाललेली असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे ब्रेकांनाही तेच काम करण्यासाठी त्याच प्रमाणात जास्त जोर लावावा लागतो. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला कारखान्याच्या मापाची चाके आणि त्यांत भारानुसार सांगितलेली हवा, हीच उत्तम जुळवणी.

क्लचचे आयुष्य चालकाच्या डाव्या पायात असते. चढावर ट्रेलरसह गाडी थांबली, तर अर्धा क्लच दाबून तिला तोलून धरू नये. हँडब्रेक लावावा आणि निघताना सोडावा. क्लचची प्लेट जळाल्याचा वास एकदा आला, तर तिचे बरेचसे आयुष्य त्या एका क्षणात संपलेले असते. पायडलला सांगितल्याइतका खेळ ठेवावा. तो उरला नाही तर क्लच सपाटीवर नकळत आणि ओझ्याखाली उघडपणे घसरतो.

लो गिअर हे जीपचे खरे धन. पण त्याचा वापर कोठे करावा हे समजून घेतले पाहिजे. जुन्या जीपांत चारही चाकांना जोर दिल्याखेरीज लो गिअर लागत नाही, आणि पुढच्या व मागच्या चाकांना जोडणाऱ्या यंत्रणेत मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांब वाट चालतात. चिखलात किंवा वाळूत हा फरक चाक किंचित घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर घसरण्यास वाव नसतो. मग तो पीळ शाफ्ट, सांधे आणि गिअरांचे दाते ह्यांत साठत जातो, आणि कधी कधी लिव्हर ओढूनही सुटत नाही. म्हणून शेतातली चढण, ओली पाणंद, नदीची वाळू येथे फोर-व्हील आणि लो. कोरड्या घाटरस्त्यावर मागची दोन चाके आणि हाय, त्यातला योग्य तो खालचा गिअर. जुन्या तीन गिअरांच्या जीपला पहिल्या गिअरसाठी दुहेरी क्लच दाबण्याची सवय लागते. ती चढ सुरू होण्याआधीच कामास आणावी. अर्ध्या चढात दाते खरडत बसू नये.

गिअर बॉक्स, ट्रान्स्फर केस आणि दोन्ही डिफरन्शियल मिळून ऑइलाची चार ठिकाणे होतात. इंजिनाचे ऑइल नियमाने बदलणारे लोक ह्या चारांना पुष्कळदा विसरतात. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीचे हे ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावे, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडला असेल तर त्यात पाणी शिरून ते दुधाळ झाले नाही ना, हे पाहावे.

संगणकाची इंजिने आणि कायदा

नव्या डिझेल गाड्यांत पंपाचा स्क्रू नाही. कॉमन रेल पद्धतीत किती डिझेल केव्हा द्यावयाचे, हे गाडीतला संगणक ठरवितो. आता त्या संगणकातील आज्ञा बदलून शक्ती वाढवून देणारे लोक शहरांतून आहेत. येथेही गणित तेच. टॉर्क वाढला की तो क्लच आणि गिअर बॉक्समधूनच चाकांपर्यंत जाणार. त्यांची सोसण्याची मर्यादा संगणकाच्या आज्ञेने वाढत नाही. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ही धुराची मर्यादा नव्या गाड्यांना लागू झाली आहे. धूर स्वच्छ करणारी यंत्रणा त्या मूळ आज्ञांशी जुळवून बसविलेली असते. गाडीची हमीही अशा बदलाने धोक्यात येते.

कायद्याची बाजूही वाचकांनी ध्यानी घ्यावी. मोटार वाहन कायदा, १९८८ ह्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांपासून बदलेल असा फेरफार गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ह्या कलमाचा अर्थ तसाच स्पष्ट केला आहे. अपघात झाला आणि विम्याचा प्रश्न उभा राहिला, म्हणजे अशा हौसेची किंमत कळते.

नव्या गाडीची जुळवणी म्हणून फार सोपी आहे. सांगितलेल्या प्रतीचेच ऑइल, स्वच्छ फिल्टर, वेळेवर कूलंट आणि चालकाची शिस्त. टर्बोची गाडी लांब चढ चढून आली असेल तर ती लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद चालू ठेवावी; त्याने टर्बोतील तापलेले ऑइल जळून बसत नाही. स्वयंचलित गिअरची गाडी ट्रेलर ओढीत असेल, तर घाटात तिला आपल्या मर्जीवर न सोडता हाताने खालचा गिअर धरून ठेवावा. वारंवार गिअर बदलत राहिल्याने तिच्या गिअर बॉक्समधील ऑइल तापते, आणि त्या ऑइलावरच तिचे आयुष्य अवलंबून असते.

ट्रेलरचा तोल

बैलगाडी भरणाऱ्या जुन्या माणसांना ट्रेलरचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. मागे भार जास्त झाला तर गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलू पाहते. पुढे जास्त झाला तर बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचेही तंतोतंत असेच. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडणीच्या हुकावर यावा. ८०० किलोच्या ट्रेलरचे ८० किलो. हुकावरचा भार फार कमी झाला की वेग वाढताच ट्रेलर मागे शेपटीसारखा हलू लागतो. फार वाढला की जीपची पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंगचा ताबा जातो. जड पोती चाकांच्या आसावर आणि किंचित पुढे, हलकी मागे, अशी रचना असावी. आणि सगळे दोराने आवळलेले असावे.

दुसऱ्या महायुद्धात जीपसाठी खास बनविलेला ट्रेलर पाव टनी होता, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. युरोपात स्वतःचा ब्रेक नसलेल्या ट्रेलरची मर्यादा ७५० किलो आहे. आपल्याकडे मात्र ट्रेलरची उंची वाढवून उसाच्या गाडीसारखा तो भरला जातो. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची जी मर्यादा दिली असेल ती, आणि ती अर्धवट अंदाजाने नव्हे तर वजनकाट्यावर एकदा खात्री करून, पाळावी. ट्रेलरचीही गाडीप्रमाणेच नोंदणी करावी लागते. त्याच्या हुकाला सुरक्षेची साखळी, मागे चालू दिवे आणि भार जास्त असल्यास स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत.

उताराची परीक्षा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. सह्याद्रीचा घाट उतरताना २,४०० किलोंची ही जोडी समजा ५०० मीटर खाली आली. तेवढ्या उंचीवर तिच्यात साठलेली शक्ती खाली येईपर्यंत कोठेतरी गेली पाहिजे, आणि ती जाते उष्णतेच्या रूपाने. हिशोब केला तर ही उष्णता सुमारे २,८०० किलोकॅलरी होते. सकाळच्या गार पाण्याचे ३७ लिटर, म्हणजे अडीच घागरी तरी, उकळीला आणावयास जेवढी उष्णता लागेल तेवढी. तिचा काही भाग चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात जातो. उरलेली इंजिनाने घ्यावी की ब्रेकच्या चार ड्रमांनी, एवढेच ठरविणे चालकाच्या हाती असते.

इंजिनापाशी रेडिएटर आहे, पंखा आहे. उष्णता बाहेर टाकण्यासाठीच ते घडविलेले आहे. ब्रेकपाशी तसे काही नाही. सतत दाबून धरलेले ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड सुटते. ब्रेकमधील तेल हवेतील ओल शोषून घेते. प्रचलित डॉट-३ प्रतीचे ताजे तेल २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या तेलासाठी ठरविलेली किमान मर्यादा १४० अंशांची आहे. तेल उकळले की नळीत वाफ होते, वाफ दबते, आणि पायडल जमिनीला टेकते. त्या क्षणी मागच्या बाकावरील मुलांना आणि पुढे चाललेल्या दुचाकीवाल्याला इंजिनाच्या वाढीव अश्वशक्तीचा काडीइतका उपयोग नसतो.

म्हणून जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे : ज्या गिअरने घाट चढलात त्या गिअरने उतरा, मागे ट्रेलर असेल तर त्याहून एक खाली. गिअर उतार सुरू होण्यापूर्वी घालावा. ब्रेक सतत घासत न ठेवता वेग वाढला की ठामपणे दाबून कमी करावा आणि सोडून द्यावा. ब्रेकचे तेल दोन वर्षांनी बदलावे, दिसायला ते स्वच्छ असले तरीही. डिझेल वाचविण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे हा तर निव्वळ आत्मघात होय. गिअरमध्ये उतरणाऱ्या इंजिनाला डिझेल जवळजवळ लागतच नाही. इंजिन बंद केले की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूमही थोड्याच वेळात संपतो. म्हणजे वाचत काही नाही. जाते मात्र सर्वस्व.

गाडी मिस्त्रीकडे नेताना म्हणून आमच्या वाचकांनी, आणि विशेषतः त्या गाडीत मुलांना घेऊन बसणाऱ्या आयाबहिणींनी, एक प्रश्न अवश्य विचारावा : हिचे ब्रेक, ब्रेकचे तेल, क्लचचा खेळ आणि ट्रेलरचा हुक शेवटचे केव्हा पाहिले? ह्या प्रश्नाचे तारखेसह उत्तर मिळाले, तर मग पंप, टॅपेट आणि फिल्टर ह्यांच्याकडे वळावे. शक्तीचा विचार सर्वांत शेवटी. घरात एक साधी वही ठेवावी. ऑइल केव्हा बदलले, लायनिंग केव्हा घातले, ट्रेलरचे वजन काट्यावर किती भरले, हे तीत तारीखवार लिहावे. दुधाचा आणि किराणामालाचा हिशोब आपल्या घरी पिढ्यान् पिढ्या लिहिला जात आला आहे. ज्या गाडीवर घराची पोटे आणि घरची माणसे दोन्ही चालतात, तिचा हिशोब त्याच वहीत चार ओळींनी वाढला तर काही जड जाणार नाही.